डेल्कोपासून नॉक सेन्सरपर्यंत

पेडर रोडच्या चढावर टॉप गिअरमध्येच पाय दाबला की कुर्ल्यात बनलेली पद्मिनी टकटकायला लागायची. मग मेकॅनिक बॉनेट उघडून ‘डेल्को’, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, केसभर फिरवायचा, टायमिंग मागे घ्यायचा (म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडायचा) आणि एक फेरी मारून कानानेच निकाल द्यायचा. पेट्रोलमध्ये रॉकेल असेल तर मात्र डेल्को कितीही फिरवा, टकटक हटायची नाही.

डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणायचं ते चार्ल्स केटरिंगच्या अमेरिकन कंपनीवरून. गंमत अशी, की कॅडिलॅक मोटारीत केटरिंगचं बॅटरी इग्निशन आलं आणि टकटकीचं खापर त्याच्यावरच फुटलं. हा डाग पुसायला त्याने १९१६मध्ये इंजिनिअर थॉमस मिजलीला कामाला लावलं. मिजलीने दाखवलं की दणका बसतो तो ठिणगी पडून गेल्यावर: ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपसूक पेटतं. इंधन गडद रंगाचं केलं तर फरक पडेल, या चुकीच्या अंदाजाने त्याने आयोडीन टाकलं आणि टकटक थांबली! इतर रंगांनी काहीच झालं नाही. म्हणजे काम रंगाचं नव्हतं, रसायनाचं होतं. तो शोध १९२१मध्ये शिशाच्या संयुगापाशी पोचला, आणि पुढची कित्येक दशकं जगाने ते विष धुरातून श्वासात घेतलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झालं.

इंजिनचा कान तोवर बदलत होता. १९७८च्या ब्युइकच्या टर्बो इंजिनात नॉक, म्हणजे हीच टकटक, ओळखणारा नॉक सेन्सर आला. इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला हा पिझो स्फटिक कंपनांचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो. साधारण मोटारीत नॉकचा सूर सहा-सात किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तो सापडला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टायमिंग काही अंश मागे घेतो. त्यामुळे आता टकटक ऐकूच येत नाही. गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतं, एवढीच तक्रार येते.

स्कॅनरवर नॉक सेन्सरच्या बिघाडाचा पी०३२५ कोड दिसला की बरेच जण थेट नवा सेन्सर मागवतात. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून सेन्सरशेजारी ब्लॉकवर पान्याने हलकं ठोकलं, तर धड सेन्सर आकडा हलवतो. नुसत्या रोधावरून (रेझिस्टन्सवरून) निदान करू नये. काही सेन्सरचा रोध मेगाओममध्येच असतो. ठोकूनही टायमिंग मागे जात नाही म्हणून घाबरू नका, कारण बरेच ईसीयू प्रत्येक ज्वलनानंतरच्या क्षणभराच्या खिडकीतच कान देतात. आधी बोल्ट सोडा, खालचा गंज घासा आणि कंपनीच्या आकड्यानुसार, बहुधा २० न्यूटन-मीटरच्या आसपास, टॉर्क रेंचने आवळा. हाताच्या जोरावर आवळलेला सेन्सर निम्मा बहिरा होतो.