विमान 72 पट लहान, प्रकाश मात्र तेवढाच

मिग-21 हे विमान सुमारे 15 मीटर लांब. 1/72 प्रमाणात त्याचं मॉडेल जोडलं की ते जेमतेम 20-21 सेंटिमीटरचं होतं. पंख, चाकं, कॉकपिटमधल्या तबकड्या, सगळं 72 पट आक्रसतं. त्यावर मारायचा रंग मात्र आक्रसत नाही. रंगाच्या थेंबाचा पृष्ठताण, हवेतली वाफ, प्रकाशाची तरंगलांबी यांना आपलं 1/72 ठाऊकच नसतं. मॉडेल रंगवणाऱ्याची खरी झुंज याच्याशी असते. नागपूरकराच्या वाट्याला त्याखेरीज इथलं हवामान येतं.

वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि विमानांचं वेड लागलेली मुलं-माणसं या शहरात कमी नाहीत. मॉडेलचं किट आणून ते जोडणारे बरेच असतात. त्यातले बहुतेक रंगापाशी येऊन अडतात. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की आपल्या हातात कला नाही. मला ते पटत नाही. अडचण बहुतेक वेळा भौतिकशास्त्राची असते आणि ती समजून घेता येते.

जाडीपासून सुरुवात करू. खऱ्या विमानावर रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत आटोपतात. मॉडेलवर तुम्ही अगदी जपून 0.05 मिलिमीटरचा थर दिलात, तरी 72 ने गुणल्यावर तो 3.6 मिलिमीटरचा होतो. एवढ्या जाड रंगाखाली रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्या, आणि पत्र्यांचे सांधे बुजणारच. म्हणून रंग पातळ करून, एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या बारीक पिचकारीने, पातळ थरांत द्यायचा. इथवर सगळे सांगतात. पुढची गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. ओल्या रंगाचे उंचवटे पृष्ठताणामुळे आपोआप सपाट होतात, पण त्याला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या घनाशी व्यस्त प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की सपाट व्हायला आठपट वेळ हवा. रंग जितका घट्ट तितका हा वेळ आणखी वाढतो. म्हणजे ज्या पातळ थराची आपल्याला गरज आहे, त्यालाच सपाट व्हायला सगळ्यात जास्त सवड लागते.

आणि मे महिन्यात नागपूर ती सवड देत नाही.

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत दुपारी पारा 44-45 अंशांवर असतो आणि सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास घुटमळते. एअरब्रशच्या तोंडाचं भोक साधारण 0.2 ते 0.5 मिलिमीटरचं. त्यातून उडणारे थेंब त्याहूनही कितीतरी बारीक. थेंब सुकायला लागणारा वेळ त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्यास निम्मा झाला की थेंब चौपट लवकर सुकतो. पाण्यावर आधारलेला ॲक्रिलिक रंग अशा हवेत मॉडेलपर्यंत पोचेपर्यंतच अर्धा सुकलेला असतो. पृष्ठभागावर भुकटी बसल्यासारखा खरखरीतपणा येतो. थेंब जरा ओले पोचले, पण पसरायच्या आत घट्ट झाले, तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. शिवाय एअरब्रशमधल्या सुईच्या टोकावर रंग वाळून फवारा मधूनच तुटतो आणि मग एकदम शिंतोडे उडतात.

उपाय तिन्ही बाजूंनी करावा लागतो. रंगात सुकणं लांबवणारं द्रव्य, म्हणजे रिटार्डर, थोडं घालायचं. ते बहुधा ग्लायकॉलसारखं सावकाश उडणारं असतं. एअरब्रश मॉडेलच्या जवळ धरून हवेचा दाब कमी ठेवायचा. आणि काम पहाटे करायचं. नागपुरात चौथा उपायही घरातच असतो, तो म्हणजे कूलर. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करूनच, म्हणजे तो खोलीतली आर्द्रता वाढवतो. मात्र त्याचा झोत थेट टेबलावर घेऊ नये, कारण त्याच्याबरोबर धूळ आणि पाण्याचे तुषार येतात. मी शेजारच्या खोलीतला कूलर लावून मधलं दार उघडं ठेवतो. एवढ्यानेही फरक पडतो.

कोरड्या हवेचा आणखी एक त्रास आहे. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ते विजेचं पक्कं दुर्वाहक आहे. कोरड्या फडक्याने पुसलं की त्यावर स्थिर विद्युतभार साचतो. दमट हवेत तो हळूहळू निघून जातो, मेमध्ये तसाच राहतो आणि खोलीभरची धूळ ओढून घेतो. म्हणून रंगाआधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, आणि पुसायचं ते ओलसर फडक्याने.

ऑगस्टमध्ये चित्र उलटतं. 27 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साधारण 24 अंशांवर येतो. लॅकर रंग पाण्यात नाही तर थिनर या द्रावकात कालवलेला असतो; हा थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. पृष्ठभाग तीन अंशांनी गार झाला की पुरे, हवेतली वाफ ओल्या रंगावर दव होऊन बसते आणि चकचकीत काळ्यावर दुधट पांढरी छटा पसरते. मेमधल्या दुपारी हेच घडायला पृष्ठभाग जवळपास 28 अंशांनी गार व्हावा लागेल, म्हणून उन्हाळ्यात हा दोष दिसत नाही. एकाच शहरात, एकाच बाटलीतला रंग तीन महिन्यांच्या अंतराने दोन अगदी उलट तऱ्हांनी बिघडतो. डायरीत रंगाच्या नोंदीशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहायची सवय लावून घ्या. दोन्ही दाखवणारा छोटा मापक स्वस्तात मिळतो.

थिनरबद्दल एक इशारा देतो आणि तो कळकळीने देतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये टोल्युइन आणि तत्सम द्रावकं असतात. ती पॉलिस्टायरीन विरघळवतात. ब्रशने लावलीत तर सांधे, रिव्हेट सगळं चिकट होऊन बसतं. माणसाच्या फुप्फुसांनाही त्यांची वाफ वाईटच. साधा कापडी मास्क किंवा एन-95 कण अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या आणि खिडकीकडे हवा फेकणारा पंखा लावा. मूल शेजारी बसून काम करणार असेल तर सरळ पाण्याचा ॲक्रिलिकच वापरा.

आता चकाकी. लढाऊ विमानाचा रंग शेवटी मॅट दिसायला हवा, तरी मधे एकदा ते मॉडेल चकचकीत करावं लागतं. नवख्यांना हे वेळ घालवणं वाटतं, पण कारण पक्कं आहे. मॅट पृष्ठभागावर मायक्रॉनच्या मापाचे खळगे असतात. त्यावर डीकल, म्हणजे पाण्यात सोडून चिकटवायचं चिन्ह, लावलं की त्याच्या पातळ पापुद्र्याखाली त्या खळग्यांत हवा अडकते. पापुद्र्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, 1.5 च्या आसपास, हवेचा 1. अशा प्रत्येक सीमेवरून सुमारे 4 टक्के प्रकाश परततो, आणि चिन्हाभोवतीचा पारदर्शक भाग चंदेरी दिसू लागतो. आधी चकचकीत वार्निश दिलं की खळगे भरतात, हवेला जागाच उरत नाही. डीकल मऊ करणारं द्रावण वर लावलं तर पापुद्रा सांध्यांत नीट बसतो. पाणी बोअरचं नको. त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे डाग सोडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते वापरा.

भारतीय विमानांचं चिन्ह बाहेरून केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. यातला केशरी फार नाजूक. पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांची झाकणशक्ती कमी असते, त्यामुळे गडद हिरव्या कॅमोफ्लाजवर लावलेला केशरी मळकट दिसतो. चिन्ह स्वतः रंगवणार असाल तर आधी पांढरा गोल द्या. आपल्या आकाशातून मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झालं. त्याचं मॉडेल करताना तरी तिरंग्याचा केशरी फिका पडू नये असं मला मनापासून वाटतं.

डीकल सुकली की पत्र्यांच्या सांध्यांत वॉश सोडतात, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये खूप पातळ केलेला एनॅमल रंग. ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं अवकाश, केशाकर्षणाने रंग आपणहून रेषेतून धावतो. बघताना मोठी मौज वाटते. खालचं वार्निश ॲक्रिलिक आणि पूर्ण सुकलेलं असल्यामुळे टर्पेंटाइन त्याला सहसा धक्का लावत नाही, सांडलेला वॉश हलकेच पुसता येतो. इथे पुन्हा प्रमाण आडवं येतं. मॉडेलवरची 0.1 मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर 7 मिलिमीटरची फट होईल. तिच्यात काळाभोर रंग भरला तर विमान फरशा बसवल्यासारखं दिसतं. मूळ रंगापेक्षा थोडीच गडद छटा घ्या.

सगळ्यात शेवटी मॅट वार्निश. त्यात सिलिकाचे बारीक कण असतात, ते पृष्ठभाग खडबडीत करून प्रकाश सगळीकडे विखुरतात. हे का हवं? चार फुटी ट्यूबलाइट चकचकीत पंखात लख्ख उमटली, तर विमानाच्या जगात ती 86 मीटर लांबीची होते. डोळा लगेच ओळखतो की वस्तू लहान आहे. वायुसेनेच्या हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी विमानं मुळातच चकचकीत असतात, त्यांवर मॅट चालणार नाही. तिथे मी अर्धवट चकाकीचं वार्निश वापरतो.

राहिला प्रश्न छटेचा. खऱ्या विमानाचाच रंग मॉडेलवर लावला तर ते जास्त गडद वाटतं, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळायची प्रथा आहे. कारण म्हणून हवेतल्या धुरकटपणाचं नाव घेतलं जातं. हा हिशेब मला जुळत नाही. 1/72 चं मॉडेल अर्ध्या मीटरवरून बघणं म्हणजे खरं विमान 36 मीटरवरून बघणं. दृश्यमानता 10 किलोमीटर असेल तर एवढ्या अंतरात हवेमुळे रंगांचा उठाव (कॉन्ट्रास्ट) दीड टक्क्याहूनही कमी घटतो. तो डोळ्यांना जाणवणारही नाही. मला खरं कारण उजेडात दिसतं. दुपारच्या उन्हात विमानावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, घरातल्या ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स. उजेड कमी झाला की तोच रंग डोळ्याला कमी रंगीत आणि मंद वाटतो. म्हणून किती पांढरा मिसळायचा याचं ठरावीक प्रमाण सांगण्यात अर्थ नाही. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्या उरलेल्या तुकड्यांवर तीन-चार छटा मारा आणि मॉडेल ज्या कपाटात राहणार त्याच कपाटात, तिथल्याच दिव्याखाली, रात्री ठेवून निवडा.