समोरच्यांचा मास्टरप्लॅन खरंच असतो का?

आपल्याला न पटणारा पक्ष सत्तेत बसला की त्यांची प्रत्येक गोष्ट ठरवून केलेली वाटायला लागते. मंत्री काही बरळला तर ते लक्ष भरकटवायला, निर्णय मागे घेतला तर ती पण चाल, आणि गप्प बसले तर नक्की काहीतरी शिजतंय. आपल्या पक्षात मात्र कोण कोणाशी बोलत नाही, कुठली मीटिंग भांडणात संपली, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. समोरच्यांचा आतला गोंधळ दिसतच नाही, दिसतो तो फक्त शेवटचा निर्णय, मग मधली रिकामी जागा आपण 'प्लॅन' टाकून भरतो.

रॉबर्ट जर्व्हिस या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ मध्ये नेमकं हेच मांडलं, की विरोधक असतो त्यापेक्षा जास्त एकजुटीचा आणि हिशेबी वाटतो. क्यूबाच्या पेचातला, म्हणजे सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रं नेल्यावर अमेरिकेशी युद्ध पेटेल की काय अशा वेळेतला, एकच दिवस बघा, २७ ऑक्टोबर १९६२. अमेरिकेचं एक यू-२ हे टेहळणी विमान उत्तर ध्रुवाकडे रस्ता चुकलं आणि थेट सोव्हिएत हद्दीत शिरलं, आता मॉस्कोत बसलेल्याला ही 'चूक' कशी वाटणार? त्याच दिवशी क्यूबावर दुसरं यू-२ पाडलं गेलं, तेही तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोला न विचारता. वॉशिंग्टनमध्ये मात्र चर्चा सुरू झाली की क्रेमलिनने मुद्दाम हे पाऊल उचललं की काय. दोन्हीकडे घोळ, आणि दोन्हीकडे समोरच्याच्या घोळात डाव दिसतोय!

डोकं असं का चालतं याचा एक धागा १९६७ च्या जोन्स आणि हॅरिस यांच्या प्रयोगात सापडतो. विद्यार्थ्यांना क्यूबाचा कम्युनिस्ट नेता कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू घ्यायची हे लिहिणाऱ्याला सांगितलेलं होतं असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांना वाटलं की तो मनातूनसुद्धा थोडाफार तसाच असणार. म्हणजे परिस्थिती समोर ठेवली तरी आपण हेतूच शोधतो.

बरं, सत्ता जितकी घट्ट तितक्या चुका कमी, असंही नाही, उलट वाईट बातमी वर सांगायला कोणी धजावत नाही. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलिसांकडे जवळपास ९०,००० पगारी माणसं होती, खबरे वेगळेच. तरी ९ नोव्हेंबर १९८९ ला तिथल्या सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता गुंटर शाबोव्स्की पत्रकारांसमोर नवीन प्रवास नियमांचा कागद घेऊन बसला, ज्या चर्चेत ते नियम ठरले तिथे तो हजरच नव्हता. नियम दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचे होते. कधीपासून असं कोणीतरी विचारल्यावर त्याने कागद चाळले आणि म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. टीव्हीवर ते ऐकून लोक, त्यांना पश्चिमेकडे जाण्यापासून अडवणाऱ्या बर्लिनच्या भिंतीकडे निघाले, एका नाक्यावरचा अधिकारी वरच्यांना फोनवर फोन करत राहिला, धड आदेश कोणीच देईना, शेवटी रात्री साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच फाटक उघडायला लावलं.