लोककथाधारित ऐतिहासिक रहस्यकादंबरी (ग्रामीण विदर्भ)

जुन्या काळातला एखादा संशयास्पद मृत्यू, त्याभोवती गावाने रचलेली दंतकथा आणि घरात न निवलेला शोक यांचा गुंता सोडवत जाणारा कादंबरीप्रकार. तपास करणारा पोलीसच असावा असे नाही. पाटील, तलाठी, सुईण, शाळामास्तर कुणीही चालतो. लोककथेला इथे साक्षीदाराचा दर्जा असतो. तिच्याकडून नुसते वातावरण भरून घेतले तर शेवटी उरते ती भुताची गोष्ट.

साक्ष तपासायची ती पाठभेदांतून. पाणी टिकेना म्हणून तळ्याला सुनेचा बळी दिला, ही कथा महाराष्ट्रात अनेक तळ्यांना चिकटलेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातल्या मालगुजारी (मालगुजारांच्या काळच्या) तलावाकाठी ती ठेवली, तर किमान तीन तोंडांतून यावी. एकीत सून आपणहून पाण्यात उतरते, दुसरीत सासरा पूजेचे ताट हाती देऊन पाठवतो, तिसरीत ती कुणाच्या घरची हेच गळते. कोण काय गाळतो आणि ते गाळल्याने कुणाचे नाव वाचते, हा खरा सुगावा. गाणे कुठून आले हेही ओळखू येते: ‘डोळा’ वऱ्हाडी तोंडी ‘डोया’ होतो, झाडीत (पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत) ‘डोरा’. वऱ्हाडातून दिलेल्या मुलीची ओवी झाडीपट्टीच्या गावात तशीच राहिली असेल, तर तिचे माहेर सापडते.

तलावाचे वेळापत्रक लेखकाला पाठ हवे. पावसाळा सरता तो भरलेला असतो, धानाला पाणी लागले की तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडतात, वैशाखात गाळ उघडा पडतो. म्हणून हाडे सापडायची ती उन्हाळ्यात. भादव्यात सापडवायची असतील तर आधी पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फोडावी लागते. पाळीच्या पोटातली हाडे बांधकामाच्या किंवा दुरुस्तीच्या वेळची ठरतात. गाळातली मात्र कोणत्याही सालची असू शकतात. हा फरक सुटला की शेवटची उकल कोसळते.

शोकाचे विधी हे या प्रकारातले सर्वांत समृद्ध आणि सर्वांत वाया जाणारे साहित्य. दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही, तेव्हा घरचे लोक मृताच्या अडलेल्या इच्छा मोठ्याने बोलून दाखवतात: पोरीचे लग्न लावून देऊ, वावर विकणार नाही, भावाला अंतर देणार नाही. चारचौघांत दिलेली ही वचने म्हणजे वारसांचे जाहीर जबाबच. कोणते वचन कुणी दिले, कोणते द्यायला कुणी कचरले, आणि तेरवीनंतर कोणते मोडले, यावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. कावळ्याने मात्र खुनी दाखवायचा नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे गोंड घराण्यांची वंशगाथा किंगरी या तंतुवाद्यावर गाणारे परधान असतात. घराण्याचा इतिहास त्यांच्या कंठात असतो, म्हणून गाथेत एखादी पिढी वगळली गेली तर ते तपासणाऱ्याला थांबायला लावते.

इतिहासात सर्वाधिक चुका होतात त्या वऱ्हाड आणि नागपूर प्रांत एक समजल्याने. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाने कंपनीच्या ताब्यात दिला. नागपूरचे भोसले राज्य 1854 मध्ये खालसा झाले. वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला तो 1903 मध्ये. गावाचा सारा गोळा करून भरणारा मालगुजार नागपूर-भंडाऱ्याकडचा, वऱ्हाडात सर्वसाधारणपणे रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून), तेव्हा तिथे खलनायक मालगुजार घातला की जाणता वाचक पुस्तक मिटतो. जुन्या कागदांवर दख्खनी फसली सन (महसुली वर्षगणना) असेल तर त्यात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन मिळतो. एक वर्षाचा फरक महिन्यामुळे पडतो आणि आरोपीची ‘मी त्या साली गावात नव्हतो’ ही बतावणी तिथेच फुटू शकते. नागपूरला आगगाडी 1867 मध्ये पोचली. त्याआधीचा खेड्यातला निरोप बहुधा बैलगाडीच्या किंवा पायी जासुदाच्या वेगाने जातो.

पुराव्याचेही असेच. 1872 च्या पुरावा कायद्याने (तो 2024 पर्यंत लागू होता) पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नसे, पण मरणाऱ्याने मृत्यूच्या कारणाबद्दल काढलेले उद्गार चालत. त्यामुळे उशाशी बसलेली म्हातारी फौजदारापेक्षा मोलाची. बोटांच्या ठशांचे कार्यालय कोलकात्यात 1897 मध्ये सुरू झाले. रक्त माणसाचे की जनावराचे हे सांगणारी चाचणी 1901 ची. त्याआधीच्या कथेत कुऱ्हाडीवरचा डाग ‘बोकडाचा’ म्हणून सुटू शकतो. धोतऱ्याने बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, माणूस बरळतो; गाव त्याला बाहेरची बाधा समजते. दहन घाईत उरकले की पोटातला पुरावा गेला, म्हणून घाई कुणी केली हे आधी विचारावे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात किंवा 1918 च्या इन्फ्लुएन्झात एक मृत्यू शेकडोंमध्ये लपतो. तेरवी न झालेल्या त्या माणसांचा शोक पुढच्या पिढीवर येतो, आणि कादंबरीला तपासाचे कारण मिळते.

उकल फोडायला भुलाबाई या पोरींच्या गाण्यांच्या उत्सवाचा शेवटचा दिवस अनेक अंगांनी सोयीचा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गाणी म्हणतात, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. सासुरवाशिणीचे दुःख त्या गाण्यांत आधीच असते; एका मुलीने आजीकडून आलेले कडवे जास्तीचे म्हटले, एवढे पुरे. ते कडवे वाचकाने कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांशात एकदा ऐकलेले असावे. कुणाच्या अंगात येऊन नाव कळणे ही पळवाट आहे. अंगात येण्याचा प्रसंग ठेवायचाच असेल, तर बोलणाऱ्या बाईला ती माहिती कुठून मिळाली असेल, याचा मार्ग आधीच्या पानांत दिसला पाहिजे.