मिठाच्या पाण्यातली पिवळी ठिणगी नेमकी कोणाची?

वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, पण ती का होते हे कोणी विचारत नाही कारण त्या वेळी आधी फडकं शोधायचं असतं. तो पिवळा रंग वरणातल्या मिठाचा, म्हणजे मिठातल्या सोडियमचा. एलईडी यायच्या आधी ठाणे-बेलापूर रोडवर रात्री जो पिवळट उजेड पसरलेला असायचा तोही सोडियमचाच. आणि हल्ली ठाण्यात एखादे ईएनटी डॉक्टर मुलाचे टॉन्सिल कोब्लेशनने, म्हणजे मिठाच्या पाण्यात वीज सोडून कापायच्या पद्धतीने, काढतात तेव्हा त्यांच्या हातातल्या कांडीच्या टोकाला जो बारीकसा पिवळा-केशरी उजेड दिसतो, तोही तोच. फक्त तिथे ज्योत नसते, प्लाझ्मा असतो.

मी या सगळ्यात पडले ती रबाळे एमआयडीसीतल्या एका काकांमुळे. मी वाशीत पेटंटचे अर्ज लिहायचं काम करते, आणि काकांचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, एक जुना लेथ, हॉस्पिटलच्या उपकरणांचे सुटे भाग करून देतात. एक दिवस ते हातात कागदांची चळत घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, आमचं पेटंट नाकारलं हो." मी बघितलं तर नाकारलं वगैरे काही नव्हतं, ती एफईआर होती, म्हणजे तपासणीचा पहिला अहवाल, आणि तो आक्षेपांशिवाय आलेला मी तरी क्वचितच बघितलाय. अर्ज काकांच्या भाच्याने इंटरनेटवर बघून बघून स्वतःच भरला होता. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि तपासणीची ४,०००, त्यामुळे भरणं अवघड नाहीच, अवघड असतं ते पुढचं. (अर्ज १८ महिने उलटून प्रसिद्ध झालाय, कोणीही वाचू शकतं, म्हणून हे इथे सांगतेय, नाहीतर तोंड उघडलं नसतं.)

पहिलाच क्लेम, म्हणजे आपला शोध नेमका काय आणि किती हे सांगणारं अर्जातलं वाक्य, असा होता: प्लाझ्मा तयार करून मांस कापणारं शस्त्रक्रियेचं उपकरण, ज्यात दोन इलेक्ट्रोड, सलाईनची नळी आणि शोषून घेणारी नळी आहे. काकांचं म्हणणं, प्लाझ्मा म्हणजे एकदम नवीन सायन्स, मग अडलं कुठे?

तर आधी प्लाझ्मा. वायूला इतकी ऊर्जा दिली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो वायू वीज वाहून न्यायला लागतो, तो प्लाझ्मा. वीज कडाडते तो प्लाझ्मा, ट्यूबलाइटच्या आत असतो तो प्लाझ्मा. नाव दिलं अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ साली, आणि रक्तातल्या प्लाझ्माशी त्याचा काही संबंध नाही, हे मला दर वेळी सांगावं लागतं.

विजेने कापणं त्याहून थोडं जुनं. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, ती अंगातून गेली तर स्नायू आखडतात, माणूस मरतो. पण द'आर्सोनव्हाल या फ्रेंच माणसाने १८९१ मध्ये दाखवलं की आवर्तनं खूप वाढवली, सेकंदाला दहा हजारांच्या पुढे नेली, की स्नायू तसे आखडत नाहीत, फक्त उष्णता तयार होते. त्याच्या जोरावर बोव्ही नावाच्या माणसाने यंत्र बनवलं (मूळचा वनस्पतिशास्त्राचा माणूस बरं का) आणि १ ऑक्टोबर १९२६ ला बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग या सर्जनने ते ऑपरेशनमध्ये वापरलं. ऑपरेशन थिएटरमध्ये आज ज्याला कॉटरी म्हणतात ते याच घराण्यातलं. बोव्हीने आपले पेटंटचे हक्क म्हणे एका डॉलरला विकून टाकले. काकांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्पच बसले.

कॉटरीची अडचण अशी की ती भाजते, ठिणगीपाशी तापमान चारशे अंशांच्या वर जाऊ शकतं, आजूबाजूचं चांगलं मांसही करपतं. कोब्लेशनमध्ये दोन्ही इलेक्ट्रोड कांडीच्या टोकाशीच शेजारी शेजारी असतात आणि मध्ये सलाईन वाहत असतं, तेच ०.९ टक्के मिठाचं पाणी. वीज सोडली, साधारण १०० ते ३०० व्होल्ट आणि सेकंदाला लाखभर आवर्तनं, की इलेक्ट्रोडला चिकटून वाफेचा एक पातळ थर तयार होतो, फार तर केसाच्या जाडीचा. वाफ वीज सहज जाऊ देत नाही, त्यामुळे सगळा ताण त्या केसभर जागेत एकवटतो आणि शेवटी वाफच फुटते, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, सोडियम पिवळा पेटतो, आणि त्यातून जे कण बाहेर पडतात ते मांसाच्या रेणूंचे बंध तोडतात. मांसापाशी तापमान ४० ते ७० अंश. याला थंड पद्धत म्हणायची फॅशन आहे, पण ७० अंशाच्या पाण्यात बोट घालून बघा आणि मग मला थंड म्हणून सांगा. कॉटरीच्या मानाने थंड, एवढंच खरं.

आता यातली गोम बघा. प्लाझ्मा त्या कांडीत नसतोच! कपाटात ठेवलेल्या कांडीत धातूचे दोन तुकडे आणि नळ्या असतात, प्लाझ्मा वापरताना तयार होतो आणि बटण सोडलं की जातो. म्हणजे "प्लाझ्मा तयार करणारं उपकरण" असं लिहिलं तर एक्झामिनर, म्हणजे पेटंट ऑफिसात अर्ज तपासणारा माणूस, विचारतो की बाबा, वस्तूत काय आहे ते सांग, ती चालू केल्यावर काय होतं ते नंतर. आणि समजा चाळीस वर्षांपूर्वी कोणी मिठाच्या पाण्यात दोन इलेक्ट्रोड धरून पुरेसा व्होल्टेज दिला असेल, तर प्लाझ्मा तेव्हाही झालाच असणार, त्याने त्याला ठिणगी म्हटलं असो की अजून काही. जुन्या वस्तूत जे आपोआप होतच होतं त्याला नवीन नाव दिलं म्हणून वस्तू नवी होत नाही.

हे काही नुसतं तात्त्विक नाही. कोब्लेशनचं एक मुख्य अमेरिकन पेटंट एगर्स आणि थपलियाल या दोघांचं, अर्ज १९९५ चा, मिळालं डिसेंबर १९९७ मध्ये, कंपनी आर्थ्रोकेअर. त्यांनी २००१ मध्ये स्मिथ अँड नेफ्यू या दुसऱ्या कंपनीवर अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात दावा लावला, तर समोरून जुने कागद बाहेर आले, रूस नावाच्या माणसाचं १९७८ चं पेटंट, आणि १९८५ चा रॉटरडॅमच्या स्लागर यांचा एक लेख ज्यात रक्तवाहिनीत साचलेला थर ठिणगीने उडवायचा प्रयोग होता. टॉन्सिलचा काय संबंध त्याच्याशी, पण प्रायर आर्टला, म्हणजे आधीपासून जगाला माहीत असलेल्या गोष्टींना, संबंध लागत नाही, कागद जुना आणि उघड असला की झालं. ज्युरीने आर्थ्रोकेअरच्या बाजूने कौल दिला, २००५ मध्ये अपील कोर्टाने त्यातलं काही ठेवलं, काही फिरवलं. आणि गंमत म्हणजे २०१४ मध्ये स्मिथ अँड नेफ्यूने आर्थ्रोकेअर अख्खी विकतच घेतली.

काकांच्या एफईआरमध्येही असेच दोन जुने कागद लावलेले होते आणि पहिला क्लेम त्यात शब्द न् शब्द सापडत होता. मी वाचून दाखवलं तर काका म्हणाले, "मग तो एक्झामिनर बरोबर बोलतोय की."

सातव्या क्लेमवर वेगळाच आक्षेप होता. भाच्याने लिहिलं होतं, वरील उपकरणाने टॉन्सिल काढायची पद्धत. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(i) आहे, माणसावर करायच्या शस्त्रक्रियेची, उपचाराची पद्धत हा शोधच धरत नाहीत. हत्याराचं पेटंट मिळेल, हत्यार कसं चालवायचं त्याचं नाही. मला हे कलम मनापासून पटतं. अमेरिकेत पद्धतीचंही मिळतं, आणि तिथे पॅलिन नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरने टाके न घालता मोतीबिंदू काढायच्या छेदाचं पेटंट घेतलं आणि दुसऱ्या डॉक्टरवर खटला भरला. म्हणजे छेद कसा घ्यायचा यासाठी रॉयल्टी! डॉक्टर लोक खवळले, आणि १९९६ मध्ये तिथल्या कायद्यात तरतूद आली की पेटंट असलं तरी अशा पद्धतीसाठी डॉक्टरकडून भरपाई वसूल करता येणार नाही. आम्ही सातवा क्लेम सरळ काढून टाकला, त्यावर भांडायला जागाच नव्हती.

राहिला पहिला. उत्तराला एफईआरपासून सहा महिने मिळतात, अर्ज करून अजून तीन, आणि त्यात सगळ्यात जाचक नियम हा की नवीन काही घुसडता येत नाही, मूळ अर्जात जे लिहिलंय त्याच्या आतच राहून क्लेम आवळायचा. म्हणून मी काकांना विचारलं की काका, प्लाझ्मा विसरा, तुमची कांडी लोक का घेतील? ते म्हणाले, "तुंबत नाही म्हणून." झालं काय, की कापलेल्या मांसाचे तुकडे सलाईनबरोबर कांडीच्याच भोकातून ओढले जातात आणि ते भोक तुंबतं, मग डॉक्टरांना ऑपरेशन थांबवून ते साफ करावं लागतं. काकांची कांडी तुंबत नव्हती. का नव्हती, ते अर्जात कुठे लिहिलंय हे शोधायला आम्ही दोघं दुपारभर बसलो, चहा दोनदा झाला.

अकराव्या पानावर सापडलं, आकृती तीनच्या खाली, एका ओळीत. भोक तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत जाणारं, कोनाच्या आकड्यासकट. म्हणजे जो तुकडा तोंडातून आत शिरला तो पुढे अडकायला जागाच नाही. एक्झामिनरने लावलेल्या दोन्ही कागदांत भोक सरळ होतं.

नवीन पहिल्या क्लेममध्ये प्लाझ्मा हा शब्द एकदाच येतो, तोही बाकी सांगाड्यासोबत, आणि सगळा जोर त्या भोकावर. तरी एक्झामिनर म्हणू शकतो की या धंद्यातल्या कुठल्याही जाणकाराला हे सहज सुचलं असतं, नवं असणं वेगळं आणि न सुचण्यासारखं असणं वेगळं, त्यामुळे व्हिडिओवर सुनावणी लागेल असं मी धरून चाललेय. त्यासाठी काकांना सांगितलंय की सरळ भोकाच्या आणि तुमच्या अशा दहा-दहा कांड्या घ्या, बाजारातून कोंबडीचं मांस आणा, आणि किती वेळाने तुंबतात ते मोजून तारखेसकट वहीत लिहा.

निघताना दारात थांबून ते हळूच म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, ते भोक वर्कशॉपमधल्या पोराने मशीनवर जॉब, म्हणजे तो भाग, उलटा लावला म्हणून तसं झालं होतं. मी ओरडलो होतो त्याला." मी म्हणाले, काका, शोध कसा लागला हे कायदा विचारत नाही. पण त्या पोराचं नाव शोधकांमध्ये घालायचं का, हे आता मला परत अर्ज उघडून बघावं लागणार आहे.