मेथाडोन साध्या मेडिकलमध्ये का मिळत नाही : अमेरिकेतल्या नियमांची पार्श्वभूमी

अमेरिकेत डॉक्टरने दुखण्यावर मेथाडोन (अफूसारखं काम करणारं वेदनाशामक) लिहून दिलं तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ते देऊ शकतो, पण तेच औषध कुणाला हेरॉइन किंवा फेंटानिलचं व्यसन सोडण्यासाठी हवं असेल तर तोच फार्मासिस्ट ते देऊ शकत नाही. त्यासाठी सरकारमान्य क्लिनिकमध्येच जावं लागतं. हे असं का झालं ते बघायचं तर पार १९१४ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी हॅरिसन कायदा आला. तसा तो कराचा कायदा, अफू-मॉर्फिनच्या व्यवहाराची नोंद ठेवा, कर भरा. पण १९१९ मध्ये मेम्फिसचा एक डॉक्टर आणि एक औषधवाला यांच्यावरची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने सांगितलं की व्यसनी माणसाला फक्त त्याचा त्रास टळावा म्हणून दिलेलं प्रिस्क्रिप्शन हे प्रिस्क्रिप्शनच नव्हे. मग डॉक्टरांची आणि फार्मासिस्टांची धरपकड सुरू झाली आणि ती धास्ती कितीतरी वर्षं गेली नाही.

मेथाडोन मूळचं जर्मनीत बनलेलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी दाखवून दिलं की रोजच्या डोसवर हेरॉइनची तलफ आटोक्यात येते, माणूस कामाला लागतो. मागणी वाढली, तसं औषध बाहेर विकलं जातंय अशी ओरडही वाढली, आणि १९७२ मध्ये एफडीएने (अमेरिकेचं औषध नियामक खातं) नियम काढून मेथाडोन साध्या फार्मसीतून जवळजवळ हद्दपारच केलं.

इथे फार्मासिस्ट गप्प बसले नाहीत, त्यांची राष्ट्रीय संघटना कोर्टात गेली आणि १९७४ मध्ये जिंकली, १९७६ मध्ये अपिलातही निकाल टिकला. म्हणून दुखण्यासाठीचं मेथाडोन फार्मसीत परत आलं. पण १९७४ मध्येच संसदेने वेगळा कायदा करून व्यसनाच्या उपचारासाठी डीईएचं (अमली पदार्थविरोधी केंद्रीय खातं) स्वतंत्र रजिस्ट्रेशन सक्तीचं केलं, त्यामुळे तो दरवाजा बंदच राहिला. माझ्या मते खरी गाठ इथे बसली, कारण पुढचे सगळे नियम याच चौकटीत आले.

क्लिनिकला माल पोचवायचा तो घाऊक वितरण म्हणून. शेड्यूल दोनचं औषध, म्हणजे डॉक्टरी वापराच्या औषधांतल्या सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीतलं, त्यामुळे फॉर्म २२२ (ऑर्डरचा सरकारी फॉर्म) किंवा तशीच इलेक्ट्रॉनिक ऑर्डर लागते. आणि खोकं दारात ठेवून निघून गेलं असं चालत नाही, क्लिनिकचा लायसनधारक डॉक्टर किंवा ज्याला लेखी अधिकार दिलाय अशाच माणसाने ते घ्यायचं, इनव्हॉइसवर सही करायची, सहीबरोबर आपलं पदही लिहायचं, आणि ती प्रत वितरकाने जपून ठेवायची. एखाद्या पेशंटच्या नावाचं मेथाडोन फार्मसीने भरून क्लिनिकला पाठवावं ही सोय यात नाहीच, कारण कायद्याच्या भाषेत फार्मसी औषध देते ते वापरणाऱ्याला, मधल्या डॉक्टरला नाही. २०१८ च्या सपोर्ट कायद्याने यात एक फट पाडली, फार्मसीला इंजेक्शन किंवा इम्प्लांटचं औषध थेट डॉक्टरकडे पोचवता येऊ लागलं. पण ते शेड्यूल तीन ते पाच या कमी कडक याद्यांपुरतं, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनला (व्यसनावरचंच दुसरं औषध) फायदा झाला आणि मेथाडोन तिथेच राहिलं.

ह्याची किंमत पेशंटने मोजली. पहाटे उठून लांबचा प्रवास, रांग, नर्ससमोर डोस पिणं, मग नोकरीवर पळणं, आणि हे सुरुवातीला आठवड्यातले जवळजवळ सगळे दिवस. ब्रिटनमध्ये माणूस घराजवळच्या फार्मसीत जाऊन फार्मासिस्टसमोर डोस घेतो, तिथे ही रोजचीच गोष्ट आहे. अमेरिकेतही क्लिनिकचं उपकेंद्र म्हणून फार्मसी चालू शकते असं नियमात आहे, पण वापर फार कमी.

मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि जे अशक्य म्हणत होते ते काही दिवसांत झालं, स्थिर पेशंटला २८ दिवसांचे डोस घरी न्यायला परवानगी, घरी अडकलेल्यांना दारात डिलिव्हरी. २०२४ मध्ये घरी न्यायची सवलत कायम झाली. व्यसनतज्ज्ञ डॉक्टरने लिहावं आणि साध्या फार्मसीने द्यावं असं विधेयकही सेनेटच्या आरोग्य समितीने २०२३ मध्ये मंजूर केलं होतं, पण त्या संसदेची मुदत संपली तरी त्याचा कायदा झाला नाही.