स्पा दर वर्षी पाहिजे, आणि त्याचं कारण फिजिक्समध्ये आहे

बेल्जियमचा रेस ट्रॅक स्पा फ्रँकोरशाँ २०२८ मध्ये फॉर्म्युला वनच्या कॅलेंडरवर नाही आणि २०३० मध्येही नाही, ही बातमी वाचली तेव्हापासून मनात खदखदतंय म्हणून लिहायला बसलो. करार २०३१ पर्यंत वाढवला खरा, पण मधली दोन वर्षं गाळून. मोनॅको मात्र २०३१ पर्यंत तरी एकही वर्ष न चुकता पक्कं. पैसा, पाहुणे, बंदरातल्या बोटी हा सगळा हिशोब समजतो, २०२५ मध्ये २४ रेस झाल्या आणि अजून कितीतरी देश रांगेत उभे आहेत. पण कोणत्या ट्रॅकला जागा द्यायची याचं एक उत्तर फिजिक्सकडे पण आहे, आणि मला वाटतं ते आधी ऐकायला पाहिजे.

माझा भाचा इथेच नागपुरात प्रतापनगरला राहतो, रेस असली की रविवारी संध्याकाळी आमच्याकडे येतो. २०२४ ची मोनॅको आम्ही सोबत पाहिली. पहिल्याच लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्याच फेरीला, अपघात झाला, रेस थांबली, सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि मग पुढचा दीड तासाहून जास्त वेळ गाड्या एकामागे एक अशा फिरत राहिल्या की पहिले दहा जण ज्या नंबरवरून निघाले त्याच नंबरवर पोचले, फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. अर्ध्या रेसमध्येच पोरगं म्हणालं, "मामा, हे लोकं मागंच काऊन चालून राहिले? एवढ्या फास्ट गाड्या हायेत, पुढं काऊन नाही जाऊन राहिले?"

तोंडी सांगून समजेना म्हणून दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गच्चीवर गेलो. त्या गाडीची रुंदी २ मीटर, लांबी साडेपाच मीटरच्या आसपास, तेवढा चौकोन आखला. आपल्याकडची छोटी हॅचबॅक चार मीटरच्या आत असते, तिच्यापेक्षा हा दीड मीटर लांब, पाहूनच त्याचे डोळे मोठे झाले. मग मी अझरबैजानच्या बाकू ट्रॅकचा, तोही मोनॅकोसारखाच शहरातल्या रस्त्यांवरचा, सगळ्यात अरुंद तुकडा आखला, जुन्या किल्ल्याच्या भिंतीजवळचा, ७.६ मीटर. आमच्या पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत जवळपास तेवढंच अंतर भरलं. त्यात दोन गाड्या शेजारी शेजारी आखल्या तर चार मीटर गेले, उरले साडेतीनच्या वर थोडेसे, आणि ते पण दोन्हीकडच्या भिंती आणि मधली फट यात वाटून. वळण घ्यायचं तर गाडीला बाहेरून आत आणि आतून बाहेर असा पूर्ण रस्ता लागतो, दुसरी गाडी शेजारी आली की तो मिळतच नाही.

पण बाकूतच ओव्हरटेकिंग होतं, कारण त्याच ट्रॅकवर २ किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. मोनॅकोचा अख्खा लॅप ३.३३७ किलोमीटरचा, म्हणजे आपल्या वर्धा रोडवरचा डबल डेकर उड्डाणपूल ३.१४ किलोमीटर आहे ना, त्याच्यापेक्षा जरासाच मोठा, आणि एवढ्यात एकोणीस वळणं कोंबलेली. अरुंद असणं हा गुन्हा नाही, अरुंदपणाची भरपाई कुठेच नसणं हा आहे.

आता ओव्हरटेक मुळात कसा होतो ते बघा. अजनी चौकाच्या सिग्नलला गाड्या हातभर अंतरावर उभ्या असतात, हिरवा लागला की पहिली निघते, मग दुसरी, मग तिसरी, आणि पुलावर चढेपर्यंत त्याच गाड्यांमध्ये चाळीस-पन्नास फुटांचं अंतर पडलेलं असतं. मागचा काही झोपला नव्हता, दोघांमधला वेळ जवळपास तेवढाच आहे, फक्त वेग वाढल्यामुळे तेवढ्याच वेळात अंतर जास्त पडतं. रेसमध्ये हेच मोठ्या प्रमाणात होतं. दोन गाड्यांमध्ये एक सेकंदाचा फरक असेल तर ७० च्या स्पीडला ते अंतर १९-२० मीटर आणि ३२० च्या स्पीडला ८९ मीटर. सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक लागतात तेव्हा हेच अंतर पुन्हा आकसतं.

मग मागचा पुढे येणार कसा? पुढची गाडी हवा फाडत जाते, तिच्या मागे हवेचा विरोध कमी असतो, मागचा त्या पोकळीत शिरून स्पीड वाढवतो. पण तीच फाटलेली हवा वळणावर घात करते. या गाड्या पंखांनी आणि तळाखालच्या हवेने स्वतःला रस्त्यावर दाबून धरतात, आणि हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. २०२२ च्या आधीच्या गाड्यांचा हा दाब पुढच्या गाडीच्या २० मीटर मागे असताना सुमारे ३५ टक्क्यांनी पडायचा. २०२२ च्या नियमांनी तो तोटा खूप कमी केला, पण पुढच्या वर्षांमध्ये टीमनी डोकं लावलं आणि तो पुन्हा वाढत गेला. म्हणून वेगवान वळणावर दुसऱ्याच्या मागे चिकटून राहणं कठीण, तिथे दाबावरच सगळं चालतं. हळू वळणावर दाब तसाही कमीच असतो, तिथे पकड टायरची, त्यामुळे खराब हवेने फारसं बिघडत नाही.

म्हणजे हळू वळण, त्यानंतर लांब सरळ रस्ता, आणि शेवटी जोरात ब्रेक. या क्रमाने रेस होते, उलट्या क्रमाने होत नाही.

ब्रेकचं पण सांगतो कारण मला ते फार आवडतं. ड्रायव्हरसकट ८०० किलोची गाडी ३२० वरून ८० वर आणायची तर जवळपास ३० लाख ज्यूल ऊर्जा दोन-अडीच सेकंदांत काढून टाकावी लागते. टपरीवरचं दहा लिटरचं पातेलं साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते, आणि त्याला गॅसवर किती वेळ लागतो ते आपण रोज बघतो. यातला काही भाग हवा खाते, काही बॅटरीत जातो, उरलेला कार्बनच्या डिस्क झेलतात आणि हजार डिग्रीपर्यंत तापून लालभडक होतात. ३२० ला गाडी सेकंदाला ८९ मीटर जाते, म्हणजे एक दशांश सेकंद उशिरा ब्रेक दाबला तर दीड गाडीएवढं अंतर कमावलं, आणि अंदाज चुकला तर तेवढंच गमावलं. माणसाची हिंमत आणि अंदाज मोजायची याच्यापेक्षा चांगली जागा ट्रॅकवर दुसरी नाही.

एवढं असूनही फक्त ओव्हरटेकची संख्या मोजून ट्रॅक निवडू नये असं माझं ठाम मत आहे. माझी कसोटी वेगळी आहे: ट्रॅकला एकच बरोबर उत्तर नसावं. गाडी कशी सेट करायची या प्रश्नावर दोन हुशार इंजिनियर भांडले पाहिजेत.

या कसोटीवर स्पा सगळ्यांच्या वर आहे. लॅप ७.००४ किलोमीटरचा. सुरुवातीला ला सूर्सचा हेअरपिन, म्हणजे केसाच्या पिनेसारखं एकदम हळू वळण, तिथून उतारावरून ओ रूजमध्ये, तिथे गाडी खालच्या खोलगट भागात दाबली जाते आणि लगेच रेडियाँच्या चढावर, साधारण ४० मीटर उंची चढत, माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि मग केमेलचा लांब सरळ रस्ता. या भागात पंख जितका कमी तितकं बरं. पण मधला भाग पुहोंसारख्या वेगवान वळणांचा, डोंगरउतारावरचा, तिथे पंख जितका जास्त तितकं बरं. शेवटी पुन्हा स्पीडचा भाग. कमी पंख लावला तर केमेलवर पुढच्याला गाठता येतं पण मधल्या भागात टायर घसरून झिजतात, जास्त लावला तर लॅप चांगला बसतो पण सरळ रस्त्यावर मागचा येऊन जातो. दोन्ही टीम बरोबर असू शकतात, आणि ते रविवारीच कळतं. त्यात आर्देनचं जंगल. ट्रॅक एवढा मोठा आहे की एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडं असं होतं, नागपुरात जून-जुलैमध्ये सदरला धो धो आणि मानेवाड्याला थेंब नाही हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे टायर कोणता लावायचा याचंही एक उत्तर नाही.

स्पा धोकादायक आहे हे लपवायचं नाही. २०१९ मध्ये आंत्वान ह्यूबेर आणि २०२३ मध्ये डिलानो फान्ट होफ ही दोन तरुण पोरं तिथे गेली, ज्युनियर रेसमध्ये, दोन्ही वेळा रेडियाँच्या पुढच्या भागात. २०२२ च्या आधी तिथे कडेची जागा वाढवली, खडी टाकली, आणि २०२१ मध्ये पावसात दिसतच नव्हतं म्हणून सगळ्यांना हळू ठेवणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे दोन-तीन लॅप फिरवून रेस संपवली, अर्धे पॉइंट दिले. लोक चिडले होते, मला तो निर्णय बरोबर वाटला. ट्रॅक जपायचा तर अजून बदलावा लागला तरी बदलावा, पण गाळू नये.

जपानचं सुझुका पण याच वर्गातलं. १९६२ चं, होंडाने टेस्टिंगसाठी बांधलेलं, आठच्या आकाराचं, सुरुवातीच्या नागमोडी वळणांमध्ये पहिलं चुकलं की पुढची चारही चुकतात. मेक्सिको सिटी वेगळ्या कारणाने पाहिजे. ते समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर, आपलं नागपूर तीनशेच्या आसपास, तिथे हवा इतकी विरळ की सगळ्यात मोठा पंख लावूनही दाब इटलीच्या मोंझा या सुसाट ट्रॅकवरच्या छोट्या पंखाएवढाच मिळतो, आणि ब्रेक गार करायलाही हवा पुरत नाही. जागेनेच गणित बदललं. असा पेपर दुसरं कोणी काढू शकत नाही, म्हणून त्याची जागा पक्की.

मोनॅकोचा शनिवार मला मनापासून आवडतो, रविवारी कोण कितव्या नंबरवरून निघणार ते ठरवायला एकट्या गाडीने भिंतीला घासून काढलेला तो लॅप बघताना श्वास अडकतो. पण रविवारी तिथे उत्तर एकच उरतं, जास्तीत जास्त पंख लावा आणि रस्ता अडवून हळू चाला. २०२५ मध्ये टायर बदलायला दोनदा थांबणं, म्हणजे दोन पिट स्टॉप, सक्तीचे केले तर टीमनी आपलीच एक गाडी मुद्दाम हळू चालवून दुसरीसाठी मोकळी जागा तयार केली. वर्षाआड गाळायचंच असेल तर मोनॅको गाळा.

आणि आपलं बुद्ध सर्किट. ग्रेटर नोएडाचं, ५.१२५ किलोमीटर, २०११ ते २०१३ अशा तीनच रेस झाल्या, तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन वेटेलने जिंकल्या, तिसरीत त्याने चौथी चॅम्पियनशिप पक्की केली. नंतर टॅक्सच्या भानगडीत, हा खेळ की मनोरंजन या वादात सगळं बंद पडलं. पण नकाशा बघा, चढावर तिसरं हळू वळण, त्यानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता, त्याच्या शेवटी पुन्हा जोरात ब्रेकचं वळण, आणि वळणाचं तोंड मुद्दाम रुंद केलेलं म्हणजे आत शिरायला दोन-तीन वाटा मिळाव्यात. पुढे लांबलचक वळण जिथे पंखाशिवाय भागत नाही. या कसोटीवर ते पास आहे, मी कुठेही सांगायला तयार आहे.

मागच्या रविवारी भाच्याने गच्चीवर स्वतःचा ट्रॅक काढला, मिहानजवळ करू म्हणे. मोठा सरळ रस्ता होता, पण त्याच्या आधी त्याने लांब, गोल, फुल स्पीडचं वळण काढलं होतं. मी विचारलं, इथे मागची गाडी कुठे असेल? त्याने थोडा वेळ पाहिलं, बोटाने दोन गाड्या चालवून पाहिल्या, म्हणाला, "लय मागं राहील ना मामा, हवा खराब हाय तिथं." मग खाली जाऊन ओलं फडकं आणलं, ते वळण पुसलं आणि तिथे हेअरपिन काढला.