केशरी कार्ड म्हणजे 'प्राधान्य कुटुंब' नव्हे

कमावता माणूस आजारी पडतो, घरातलं धान्य संपत येतं, आणि कपाटातलं केशरी रेशन कार्ड बाहेर निघतं. दुकानदार सांगतो, "तुमचं नाव धान्यात नाही." मग भांडण. हे इतक्यांदा पाहिलंय की एकदाच नीट लिहून टाकतो.

रेशन कार्ड म्हणजे काय हे तुम्ही जाणता. पांढऱ्यावर धान्य नाही आणि पिवळ्यावर अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांची योजना) असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, इथं फारसं कुणी चुकत नाही. सगळे अडकतात ते केशरीत.

केशरी रंग एवढंच सांगतो की कार्ड काढताना तुमचं वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या वर आणि १ लाखाच्या आत होतं. महाराष्ट्रातली ही तीन रंगांची पद्धत १९९९ सालची. धान्याचा हक्क मात्र २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातून येतो. तो फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यात लागू झाला तेव्हा केशरीतलीच काही कुटुंबं 'प्राधान्य कुटुंब' म्हणून घेतली गेली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार, गावात ४४ हजार. त्यांना माणशी महिन्याला ५ किलो, २०२३ पासून फुकट. बाकीचे नुसते केशरी राहिले. म्हणून एकाच चाळीत, एकाच रंगाची दोन कार्डं, पण धान्य त्यातल्या एकालाच. २०२० च्या टाळेबंदीत हा फरक उघडा पडला: प्राधान्यवाल्यांना जादा तांदूळ मोफत, नुसत्या केशरीवाल्यांना मे-जूनमध्ये गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलो.

दुकानदारावर ओरडून उपयोग नाही, यादी त्याच्या हातात नसते. कार्डाच्या पहिल्या पानावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे का ते बघा, किंवा १९६७ वर फोन करून विचारा. "ई-केवायसी केली की धान्य सुरू होतं" असं सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. केवायसीनं यादीत आधीच असलेल्या माणसाची ओळख पटते, नवं नाव यादीत जात नाही. आणि पैसे घेऊन "केशरीचं पिवळं करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

नवं कार्ड काढणं हा एक अर्ज, प्राधान्य कुटुंबात समावेश हा दुसरा. हा दुसरा अर्ज उत्पन्नाच्या पुराव्यासह तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात करायचा. राज्याचा इष्टांक, म्हणजे यादीत घेता येणाऱ्या माणसांची ठरलेली संख्या, सुमारे ७ कोटींचा, तोही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यामुळे पात्र असूनही जागा रिकामी होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणूनच माझं ठाम मत, अडचण यायची वाट पाहू नका. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर याच आठवड्यात अर्ज द्या आणि शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.